घोटभर चहासाठी: पेय घट्ट करणारी झँथन गमची पावडर

शेवटच्या दिवसांत पाण्यानेही ठसका लागतो, मग घरचे चहाच बंद करतात. ‘मागितला होता, दिला नाही’ ही रुखरुख मागे उरते. पेय घट्ट झालं की घशात सावकाश उतरतं, म्हणून ही पावडर तेवढी अडचण बऱ्यापैकी सोडवते. स्टार्चची घेऊ नका. ती लाळेने तोंडातच पातळ होते.

चहा कोमट करून, ढवळत ढवळत डब्यावरच्या मापाने पावडर भुरभुरवा. एकदम टाकली की गुठळ्या, आणि त्याच घशात अडकतात. दुधाचा चहा उशिरा घट्ट होतो. पाचेक मिनिटं न थांबता पुन्हा घातली तर खळ होते. तपासायला सुई काढलेली सिरिंज १० मिलीपर्यंत भरा, १० सेकंद वाहू द्या. ४ ते ८ मिली उरलं तर IDDSI या पेयांचा घट्टपणा मोजायच्या आंतरराष्ट्रीय पट्टीवरचा दुसऱ्या पातळीचा घट्टपणा. कोणती पातळी हवी, ते गिळण्याच्या अडचणीही तपासणाऱ्या स्पीच थेरपिस्टने सांगावं.

सोलकढी, मुगाचं कढण छान जमतं. साधं पाणी मात्र बुळबुळीत लागतं, नकोसंच. आईस्क्रीम मऊ असलं तरी तोंडात पाणी होतं, म्हणून तेही धोक्याचं.

गिळणं पूर्ण थांबल्यावर पावडर निरुपयोगी. तेव्हा चहात बुडवून घट्ट पिळलेला स्पंजचा बोळा ओठांवरून फिरवा. आल्या-वेलचीचा वास तरी पोचतो.