युकॉनचा ओढा आणि कानशीचा कीस

आमचं घर कोल्हापूरच्या गुजरीतलं, धंदा सोनारकामाचा. त्यामुळे सोन्यात मला कोणी गंडवेल असं कधी वाटलं नव्हतं. गेल्या ऑगस्टात गंडलो, तेही चार हजार कॅनेडियन डॉलरला.

कॅनडात एडमंटनला राहतो. सुट्टीत गाडी घेऊन वायव्य टोकाच्या युकॉनला गेलो होतो. डॉसनजवळच्या बोनान्झा क्रीकवर १८९६ साली सोनं सापडलं आणि क्लोंडाइककडे माणसांची रीघ लागली. तिथं सहा नंबरच्या क्लेमवर, म्हणजे सोनं खणायचा हक्क नोंदवलेल्या जमिनीच्या तुकड्यावर, पर्यटकांना फुकटात वाळू धुऊन बघता येते. तासभर गार पाण्यात हात घालून मला दोन कण मिळाले, मोहरीच्या निम्मे. बस्स, डोक्यात किडा शिरला.

त्याच रात्री कॅम्पग्राउंडवर तो भेटला. साठीचा, दाढीवाला, बोलायला गोड. स्ट्युअर्ट नदीला मिळणाऱ्या एका ओढ्यावर माझे चार क्लेम आहेत, गुडघे गेले, आता होत नाही म्हणाला. चारही मिळून बारा हजार. वर म्हणाला, "माझ्या शब्दावर जाऊ नका, या आणि स्वतः खणा." या वाक्यानं मी गार झालो. जो स्वतः खणायला सांगतो तो कशाला फसवेल?

शनिवारी गेलो. कच्च्या रस्त्यावर तीन तास, फोनला रेंज नाही. ओढ्याकाठी क्लेमचे खांब उभे, त्यांवर पत्र्याचे टॅग ठोकलेले. जागा मी निवडली, फावडं मी मारलं. त्यानं फक्त चाळून दिलं आणि पॅन, म्हणजे वाळू धुवायची परात, फिरवताना हात कसा ठेवायचा ते माझ्यावर वाकून दाखवलं. तोंडात हातानं वळलेली सिगारेट, राख अधूनमधून पॅनमध्येच झडत होती. चार पॅन धुतले, चारही पॅनमध्ये काळ्या वाळूच्या कडेला पाच-सहा पिवळे कण चमकले.

आता लिहिताना हसू येतं. सोनं जड, पाण्याच्या एकोणीस पट. ते खडीतून झिरपत खाली खडकापर्यंत जाऊन बसतं, आणि तिकडं त्या खडकावर कित्येक फूट गोठलेला चिखल असतो. जुने लोक लाकडं पेटवून तो वितळवत खाली उतरायचे. मी गुडघाभर खड्ड्यातून काढत होतो. आणि प्रत्येक पॅनमध्ये मोजून पाच-सहा? ओढा असा हिशेबानं सोनं वाटत नाही.

चार हजार रोख इसार दिला, हातानं लिहिलेली पावती घेतली. बाकीचे नोंदणीच्या वेळी. तो म्हणाला, सोमवारी ऑफिस बंद आहे, मंगळवारी मेयो गावातल्या नोंदणी ऑफिसात भेटू. खरंच बंद होतं. ऑगस्टचा तिसरा सोमवार म्हणजे युकॉनमध्ये डिस्कव्हरी डे, त्याच १८९६ च्या सोन्याची सुट्टी. मुहूर्त त्यानं बरोबर साधला होता.

मंगळवारी तो आला नाही, फोन बंद. काउंटरवरच्या बाईंनी टॅगचे नंबर कॉम्प्युटरवर टाकले. क्लेम आदल्या वर्षीच रद्द झालेले. तिथला नियम असा की प्लेसर क्लेम, म्हणजे वाळू-खडीतल्या सोन्याचा क्लेम, टिकवायचा तर दरवर्षी क्लेममागे दोनशे डॉलरचं काम दाखवावं लागतं. ते दाखवलं नाही की हक्क गेला, खांब मात्र तसेच उभे राहतात. हीच चौकशी मी पैसे देण्याआधी केली असती तर पाच मिनिटांचं काम होतं, नंबर सांगितला की कुणालाही माहिती मिळते. पोलिसांत तक्रार दिली आहे. आशा नाही.

तिथल्याच एका जुन्या खाणवाल्यानं पॅनमधले कण ठेवलेली माझी कुपी भिंगाखाली धरली आणि मान हलवली. तंबाखूत सोन्याची भुकटी मिसळून राखेबरोबर पॅनमध्ये पाडायची, ही युक्ती त्याच्या आजाच्या काळातली म्हणे. माझ्या बाबतीत तेच झालं हे सिद्ध करता येणार नाही.

पण भिंगातून काढलेला फोटो मी बाबांना पाठवला. त्यांचा लगेच फोन. "अरे, हा कानशीचा कीस आहे. पिळलेला बघ कसा, पाण्यानं झिजलेला कण असा असतोय व्हय? रंगबी तांबूस मारतोय. कुणाची तरी अंगठी घासलीय."

मी गप्प.

"आपल्या दुकानाचा केर झारेकरी न्यायचा, त्यातलं सोनं धुऊन काढायला, आठवतंय? वीस वर्षांची ओळख, तरी पैसे द्यायच्या आधी मूठभर केर घरी न्यायचा आणि स्वतःच्या पाटीत धुऊन बघायचा. आम्हाला जवळ उभंबी राहू द्यायचा नाही."

मग त्यांनी विचारलं, किती गेले? पाचशे डॉलर, म्हणालो.