जिल्हा पोलीस की एसआरपी? सातारा-सांगलीतून भरती करणाऱ्यांनी फॉर्मआधी तपासायच्या गोष्टी

बारावी झाली, उंची बसते, रोज पहाटे पळायला जाणं चालू आहे. पुढचा प्रश्न असतो फॉर्म कुठे भरायचा. जिल्हा पोलीस शिपाई, चालक शिपाई आणि राज्य राखीव पोलीस दलाचा (एसआरपी) सशस्त्र शिपाई ही तीन वेगळी पदं आहेत. तिन्हींना पगाराची श्रेणी एकच, 21,700 ते 69,100. वर्दीही लांबून सारखीच दिसते. त्यामुळे "कुठंही लागू दे, पोलीस झालं म्हणजे झालं" असं म्हणून फॉर्म भरले जातात. पण पुढची तीस-पस्तीस वर्षं जिल्हा पोलीस आणि एसआरपी या दोन नोकऱ्या अगदी वेगळ्या वाटांनी जातात.

आधी मैदान, म्हणजे शारीरिक चाचणी. आकडे नेहमीच्या जाहिरातींतले पुरुष उमेदवारांचे आहेत. तुमच्या वर्षाच्या जाहिरातीशी ते एकदा पडताळा, कारण वयाची सवलत कधी कधी बदलते.

| | जिल्हा शिपाई | एसआरपी |
|---|---|---|
| उंची | 165 सें.मी. | 168 सें.मी. |
| छाती | 79, फुगवून 5 जास्त | तीच |
| वय (खुला / मागास) | 18 ते 28 / 33 | 18 ते 25 / 30 |
| मोठी धाव | 1600 मीटर, 20 गुण | 5 किलोमीटर, 50 गुण |
| 100 मीटर | 15 गुण | 25 गुण |
| गोळा (7.260 किलो) | 15 गुण | 25 गुण |
| लेखी | 100 | 100 |

म्हणजे जिल्ह्यात मैदानाचे 50 आणि लेखीचे 100, तर एसआरपीत दोन्हीचे 100-100. निम्मा निकाल मैदानावर लागतो, म्हणून दमदार पण गणित-व्याकरणात कच्च्या मुलाला एसआरपीत जास्त वाव आहे. अर्थात लेखीत किमान 40 टक्के लागतातच, आणि मैदानात 50 टक्के मिळवलेल्यांतूनच एका जागेमागे दहा या प्रमाणात लेखीला बोलावतात.

1600 मीटरला पैकीच्या पैकी गुण हवे असतील तर 5 मिनिटं 10 सेकंदांच्या आत यावं लागतं. चारशेच्या ट्रॅकवर चार फेऱ्या, प्रत्येकी साडेसत्त्याहत्तर सेकंद. इथे घोटाळा पहिल्या फेरीत होतो. गर्दीतून सुटताना मुलं पहिली फेरी पासष्ट-अडुसष्टमध्ये मारतात आणि तिसऱ्या फेरीत पाय जड होतात. एकेक फेरी घड्याळ लावून पळायची सवय नसेल, तर अजिंक्यताऱ्याचा चढ रोज चढूनही हे दुरुस्त होत नाही. चढाने दम वाढतो, वेगाचा अंदाज येत नाही. मुलींना 800 मीटर असतात आणि पूर्ण गुणांसाठी 2 मिनिटं 50 सेकंद, म्हणजे फेरी पंच्याऐंशी सेकंदांची. त्यांना उंची 155 आणि गोळा 4 किलोचा. एसआरपीच्या आजवरच्या नेहमीच्या जाहिराती मात्र पुरुषांसाठीच निघत आल्या आहेत.

गोळ्याला मुलांना साडेआठ मीटरवर पूर्ण गुण आहेत. बरेच जण हलक्या दगडावर सराव करतात आणि मैदानात खरा गोळा हातात आल्यावर तो खांद्यामागून भिरकावतात. खांदा तर दुखावतोच, फेकही बाद होऊ शकते. गोळा मानेला टेकवून, कमरेचा आणि पायाचा जोर लावून ढकलायचा असतो.

आता नोकरी कशी असते ते. जिल्हा पोलीस म्हणजे जिल्ह्यात विखुरलेलं दल. वर पोलीस अधीक्षक, खाली अपर अधीक्षक, उपविभागीय अधिकारी, मग ठाण्याचे निरीक्षक, सहायक निरीक्षक, उपनिरीक्षक, आणि त्याखाली सहायक फौजदार, हवालदार, शिपाई. पूर्वी शिपाई आणि हवालदाराच्या मध्ये पोलीस नाईक असायचा. 2022 मध्ये ते पदच काढून टाकलं, म्हणून बढतीची एक पायरी कमी झाली. सातारा आणि सांगली ही दोन्ही दलं कोल्हापूर परिक्षेत्रात येतात.

नवा शिपाई आधी मुख्यालयात असतो. तिथे गार्ड ड्युटी, कैदी पार्टी (कैद्यांची ने-आण), बंदोबस्त. मग ठाणं मिळतं. तिथे बारनिशी (आवक-जावक कागदांची नोंद), समन्स-वॉरंट, कोर्टाचं काम, बीट (नेमून दिलेल्या भागातली गस्त), ठाणे अंमलदाराच्या हाताखाली स्टेशन डायरी. हे काम लोकांशी बोलण्याचं आणि लिहिण्याचं आहे. 1 जुलै 2024 पासून नवे फौजदारी कायदे आल्यावर तर लिहिणं आणि मोबाइल दोन्ही वाढलं. खुनाचं कलम 302 आता 103 झालं, चोरीचं 379 आता 303. झडती-जप्तीचं चित्रीकरण करावंच लागतं, आणि सात वर्षं किंवा त्याहून जास्त शिक्षेच्या गुन्ह्यात न्यायवैद्यक तज्ज्ञ घटनास्थळी यावेत अशी तरतूद झाली आहे. पंचनाम्यात वेळ चुकली, पंचाची सही राहिली, तर वर्षांनी कोर्टात तो कागद तुमच्याच नावावर उघडतो. ज्याला कागदाचा कंटाळा आहे त्याने जिल्हा पोलीस निवडताना हे मनात धरावं.

एसआरपी ही राखीव फौज. 6 मार्च 1948 ला तिची सुरुवात झाली. गट, त्यात कंपन्या, कंपनीत प्लाटून, गटाचा प्रमुख समादेशक. ठाणं नाही, हद्द नाही, तपास नाही. जिथे जिल्ह्याचं मनुष्यबळ अपुरं पडतं तिथे कंपनी जाते: निवडणूक, दंगल, गडचिरोली, आषाढीची वारी, मिरजेतलं गणेश विसर्जन. शिपाई कधीच एकटा नसतो, पण तो घरीही क्वचित असतो. मुक्काम शाळेत, मंगल कार्यालयात किंवा तंबूत, जेवण कंपनीच्या मेसमध्ये. आदेश आला की कंपनी ट्रकमध्ये बसून निघते. शिस्त, हत्यार, सोबत्यांची साथ ज्याला मानवते त्याला हे आवडतं. घरी म्हातारे आई-वडील आणि शेती एकट्याच्या जिवावर असेल, तर पहिली पाच वर्षं जड जातात.

आपल्या भागाला जवळचे गट म्हणजे कोल्हापूरचा 16, सोलापूरचा 10, दौंडचे 5 आणि 7, पुण्याचे 1 आणि 2. कोल्हापूर मिळाला तरी तो फक्त मूळ मुक्काम समजा, वर्षातले बरेच महिने कंपनी बाहेरच असते. "काही वर्षांनी जिल्ह्यात बदली घेऊ" हा हिशेब धरून एसआरपीत जाऊ नका. ती वाट आहे, पण ठरावीक सेवा लागते, जिल्ह्यात जागा रिकामी लागते, आणि ही अट शासनाने अधूनमधून बदलली आहे.

प्रशिक्षणातही फरक आहे. मूलभूत प्रशिक्षण साधारण नऊ महिन्यांचं. जिल्ह्याच्या मुलांना राज्यातल्या एखाद्या पोलीस प्रशिक्षण केंद्रात पाठवतात. असं एक केंद्र आपल्याकडे तासगाव तालुक्यात तुरचीला आहे, पण तेच मिळेल असं नाही. परेड आणि हत्यारांबरोबर कायद्याचे तास तिथे बरेच असतात. एसआरपीचं केंद्र दौंडजवळ नानवीजला आहे आणि तिथे जोर मैदान, हत्यार, जमाव नियंत्रण यांवर.

चालक शिपायाबद्दल थोडक्यात: हलक्या वाहनाचा परवाना आधीपासून हवा (कोणत्या प्रकारचा, ते जाहिरातीत वाचा), मैदान 1600 मीटर आणि गोळ्याचं, आणि गाडी चालवण्याची वेगळी परीक्षा. जीप मागे घेताना नापास होणारे खूप असतात.

घटक, म्हणजे ज्या जिल्ह्याच्या, शहराच्या दलात किंवा एसआरपी गटात अर्ज करायचा तो, निवडताना एक गोष्ट पक्की लक्षात ठेवा. एका पदासाठी एकाच घटकात अर्ज करता येतो, तीन पदांसाठी तीन अर्ज चालतात. जागा जास्त म्हणून मुंबई किंवा पुणे शहर घेतलं आणि नंतर सातारा मागितला, तर विनंती बदलीत ज्येष्ठता खाली जाते. आणि सातारा घटक मिळाला म्हणजे सातारा शहर मिळालं असं नाही. म्हसवड असेल, कोयनानगर असेल. सांगलीत उमदीपासून कोकरूडपर्यंत कुठेही. नंतर एका ठाण्यावर शिपायाचा सर्वसाधारण कार्यकाळ पाच वर्षांचा, तो 2014 च्या दुरुस्तीने कायद्यात आला.

कागदांमध्ये पाटण, जावळीकडच्या मुलांनी प्रकल्पग्रस्त आणि कोयना भूकंपग्रस्त दाखले वेळेत काढावेत. घरात आजोबांच्या नावाचा दाखला असतो, पण तो तुमच्या नावे हस्तांतरित झालेला नसतो आणि पडताळणीच्या दिवशी कामाला येत नाही. नॉन-क्रिमिलेअरची तारीख जाहिरातीतल्या मुदतीशी जुळते का, तेही तेव्हाच बघा. आणि उंची 168 च्या काठावर असेल तर एसआरपीचा फॉर्म भरण्याआधी दुपारनंतर, अनवाणी मोजून घ्या. सकाळची उंची दिवसभरात सेंटीमीटरभर उतरते, आणि मोजणीला तुमचा नंबर किती वाजता येईल ते तुमच्या हातात नसतं.