लाफेट थोक घरी करायचं तर पानं कुठली घ्यावीत?

म्यानमारचं लाफेट थोक घरी करायचं ठरवलं की सगळं येऊन अडतं ते पानांपाशी. लाफेट म्हणजे आंबवलेली चहाची पानं, थोक म्हणजे हाताने कालवलेलं. शेंगदाणे, तीळ, लसूण, टोमॅटो, कोबी, लिंबू आपल्या घरात असतातच. मुरलेली पानं मात्र नसतात. त्यासाठी वाटा तीन आहेत: तयार पाकीट, सुकी ग्रीन टी, नाहीतर ताजी पानं.

तिकडे हे कसं होतं ते आधी बघू, म्हणजे निवड सोपी जाईल. शान राज्यातल्या नामसानसारख्या डोंगराळ भागात पलाउंग लोक कोवळी पानं खुडतात, जेमतेम पाच मिनिटं वाफवतात, मळतात आणि बांबूच्या मोठ्या टोपल्यांत किंवा मडक्यांत दाबून भरतात. ती खड्ड्यात ठेवून वर जड वजन ठेवतात. तीन-चार महिन्यांनी पान मऊ पडतं, तुरटपणा उतरतो आणि त्याला खोल, किंचित आंबूस चव येते. ही चव वेळेतून येते, मसाल्यातून नाही.

म्हणून पहिल्यांदा करणाऱ्याला माझा सल्ला एकच: पाकीट मिळत असेल तर तेच आणा. एकदा खरी चव जिभेवर बसली की पुढे घरी केलेलं कुठे कमी पडतं ते कळतं. साधी, तेलातली, मसाला नसलेली पानं घ्या. एक काळजी मात्र घ्या. 2009 मध्ये म्यानमारच्या काही पाकीटबंद लाफेटमध्ये ऑरामाइन ओ हा कारखान्यात वापरायचा पिवळा रंग सापडला होता. मुरलेलं पान मळकट हिरवं, शेवाळी दिसतं. झगझगीत हिरवं-पिवळं दिसलं तर मी ते घेत नाही.

पाकीट नाहीच मिळालं तर सुकी ग्रीन टी. अख्ख्या पानाची हवी, पिशवीतली नको. पिशवीतल्या भुग्याचा नुसता चिखल होतो. तुळस, लिंबू, मोगरा असल्या वासाची तर अजिबात नको. 25-30 ग्रॅम पानं गरम पाण्यात दहा मिनिटं भिजवा, ते पाणी फेका, मग गार पाण्यात घालून मुठीत पिळा. पहिलं पाणी गडद पिवळं निघतं, तिसऱ्या-चौथ्या वेळी फिकट होतं. तेव्हा एक पान चावून बघा: घसा आवळत असेल तर रात्रभर गार पाण्यात राहू द्या. देठं वेचून काढा. मग बारीक चिरलेला मूठभर कोबी घाला, सगळ्याच्या वजनाच्या दोन टक्के मीठ चोळा आणि बरणीत दडपून भरा. कोबीचं काम महत्त्वाचं आहे. आंबवणारे जिवाणू त्याच्यावर असतात. वाळवताना तापवलेल्या चहात ते फारसे उरत नाहीत. आपल्या हवेत दोन-तीन दिवसांत आंबट वास येतो, मग बरणी फ्रिजमध्ये. तेल आणि लसूण वाढताना घाला. लसूण तेलात बुडवून ओट्यावर दिवसेंदिवस ठेवणं धोक्याचं आहे, हवा नसलेल्या तेलात बोट्युलिझम या जीवघेण्या विषबाधेचे जिवाणू वाढू शकतात. हे लाफेट चांगलं लागतं, पण ताजं आणि कोवळं लागतं. मुरलेल्याची खोली त्यात येत नाही.

ताज्या पानांची वाट आसाम, मुन्नार, निलगिरीत राहणाऱ्यांसाठी. पुण्या-मुंबईत खुडलेलं पान पोचेपर्यंत कोमेजतं. मळ्याजवळ असाल आणि महिने थांबायची तयारी असेल तर जरूर करा.

तळणीत मात्र घरचं पाकिटापेक्षा सरस होतं. पाकिटासोबत येणारी तळणी बरेचदा खवट निघते. म्यानमारमध्ये या कुरकुरीत मिश्रणाला ‘ह्नाप्यान जॉ’, म्हणजे दोनदा तळलेलं, म्हणतात. त्यात लसणाचे काप, शेंगदाणे, तीळ, चणाडाळीसारख्या डाळी असतात आणि वालही असतात. आपण बिरड्यासाठी भिजवून सोलतो तसे वाल सोला, फडक्यावर पूर्ण कोरडे करा आणि मंद आचेवर तळा. पाणी राहिलं तर आतून चिवट होतात. सुक्या कोळंबीच्या जागी कोकणातले सोडे भाजून कुटून घातले तर काहीच अडत नाही.

वाढायच्या पद्धती दोन. मंडालेच्या पद्धतीत लाखकाम केलेल्या, कप्पे असलेल्या डब्यात मधोमध लाफेट आणि भोवती बाकीचं, ज्याने त्याने उचलून खायचं. दुसरीत टोमॅटो, कोबी, लिंबू, मिरची, फिश सॉस घालून सगळं एकत्र कालवायचं. पाकिटातलं लाफेट असेल तर पहिली पद्धत घ्या, पानाची चव उघडी कळते. ग्रीन टीचं असेल तर दुसरी, कारण लिंबू-टोमॅटो त्याची उणीव भरून काढतात. कालवल्यावर पाच मिनिटांत खा, तळणी सादळते.

आणि करायचं ते दुपारी करा. इथे चहा गाळून पीत नाही, पान खातो, त्यामुळे झोप उडते. म्यानमारमधली मुलं परीक्षेच्या रात्री जागायला हेच खातात.