पीजीअ‍ॅडमिन ४ : डेटाटाइप नीट दिसतो का, हे तपासणाऱ्या टेस्टसाठी कितपत उपयोगी?

सोलापुरात चादर-टॉवेल कारखान्यांची सॉफ्टवेअरं पोस्टग्रेस या डेटाबेसवर लिहिणाऱ्यांनी पीजीअ‍ॅडमिन ४ हे पोस्टग्रेस हाताळायचं टूल नुसतं टेबलं बघायला वापरू नये. कॉलमचा टाइप (डेटाटाइप, म्हणजे त्यात कसली माहिती बसते) आणि त्यातलं मूल्य पडद्यावर बरोबर उमटतं का, हे तपासणाऱ्या सेलेनियमच्या (ब्राउझर आपोआप चालवणाऱ्या टूलच्या) टेस्ट त्याच्या सोर्सकोडमध्येच आहेत. स्वतःचं टूल बनवणाऱ्याने त्या आधी वाचाव्यात.

या टेस्ट चालवणं फार अवघड नाही. रिग्रेशन फोल्डरमधल्या नमुना फाइलवरून टेस्ट_कॉन्फिग.जेसन तयार करायची, सर्व्हर आणि पासवर्ड भरायचे, मग रनटेस्ट्स.पीवाय चालवताना पॅकेज म्हणून फीचर_टेस्ट्स द्यायचं. मशीनवर जुना क्रोमड्रायव्हर (सेलेनियमला क्रोमशी जोडणारा प्रोग्राम) पडून असेल तर ब्राउझर उघडतच नाही. आधी तो बघा.

खरी मेहनत अपेक्षित उत्तर ठरवण्यात आहे. टाइपचं नाव हाताने लिहू नका, पोस्टग्रेसच्या फॉरमॅट_टाइप फंक्शनकडून घ्या. कॅटलॉगमध्ये, म्हणजे पोस्टग्रेसच्या स्वतःच्या नोंदींच्या टेबलांत, व्हारचार(५०) चा टाइपमॉड (लांबी किंवा अचूकता साठवणारा आकडा) ५४ असतो, न्यूमेरिक(८,२) चा ५२४२९४. हे आकडे स्वतः उलगडायला गेलं की चुकतं. पण फॉरमॅट_टाइप ‘कॅरेक्टर व्हेरिइंग(५०)’ देतं आणि पीजीअ‍ॅडमिनच्या ग्रिडमध्ये कंसाआधी एक स्पेस असते. तुलना करण्याआधी स्पेस काढून टाका, नाहीतर बरोबर दिसणारी टेस्टही नापास होते. ‘दर’ हा कॉलम न्यूमेरिक(८,२) असला तरी ‘दर * २’ च्या निकालात नुसतं न्यूमेरिक दिसतं. तो बग नाही. गणितात टाइपमॉड उरत नाही.

मूल्यांचं दुखणं सेशनच्या सेटिंगमध्ये असतं. युटीसी १० वाजताची टाइमस्टॅम्पटीझेड (टाइमझोनसह वेळ) नोंद आशिया/कोलकाता झोनमध्ये १५:३०:००+०५:३० दिसते; तीच टेस्ट युटीसीवर चालणाऱ्या सीआय सर्व्हरवर (टेस्ट आपोआप चालवणाऱ्या मशीनवर) आपटते. म्हणून टेस्टच्या सुरुवातीलाच टाइमझोन, डेटस्टाइल (तारखेची मांडणी) आणि इंटरव्हलस्टाइल (कालावधीची मांडणी) सेट करा. डबल प्रिसिजन या दशांश टाइपमध्ये ०.१ + ०.२ हे पोस्टग्रेसच्या आवृत्ती १२ पासून ०.३०००००००००००००००४ दिसतं, आधी ०.३ दिसायचं. स्वतःचं टूल जावास्क्रिप्टमध्ये असेल तर बिगइंट (मोठा पूर्णांक) या टाइपसाठी ९००७१९९२५४७४०९९३ हा आकडा ठेवाच. शेवटचा ३ जाऊन २ दिसला, तर मूल्य वाटेत कुठेतरी जावास्क्रिप्टचा नंबर झालंय, ज्यात इतका मोठा आकडा नेमका मावत नाही. ते स्ट्रिंग म्हणूनच पाठवायला हवं.

मराठी डेटाची टेस्ट वगळू नका. ‘सोलापूर’ डोळ्याला चार अक्षरं, पोस्टग्रेसला सात आणि युटीएफ-८ मध्ये २१ बाइट. व्हारचार(५) कॉलमात ते बसतच नाही. रिकामी स्ट्रिंग आणि नल (मूल्यच नसणं) यांच्याही वेगळ्या टेस्ट हव्यात. पीजीअ‍ॅडमिन नलला चौकोनी कंसात नल असं दाखवतं आणि बायटिया (कच्चे बाइट साठवणाऱ्या) कॉलममध्ये मूल्याऐवजी बायनरी डेटा असल्याचं लिहितं, ही सोय फार चांगली आहे.

नावडणारी गोष्ट म्हणजे यूआय टेस्टचा, म्हणजे पडदा चालवून घेतलेल्या टेस्टचा, वेग आणि लहर. ग्रिड फक्त दिसणाऱ्या ओळीच डॉममध्ये (ब्राउझरमधल्या पानाच्या रचनेत) ठेवतो, त्यामुळे खालची ओळ शोधली की एलिमेंट सापडत नाही. प्रत्येक टाइपसाठी एक ओळ आणि मोजके कॉलम एवढीच क्वेरी द्या. ठरावीक सेकंद थांबण्यापेक्षा सेल दिसेपर्यंत थांबा. बाकी सगळे टाइप एसक्यूएल पातळीवर तपासले की यूआयच्या दहा-बारा टेस्ट पुरतात.