पोकेमॉन गो मधलं 'निअरबाय': मराठवाड्यात दहा महिने वापरल्यानंतरचा अनुभव

पोकेमॉन गो म्हणजे फोन घेऊन प्रत्यक्ष फिरत, नकाशावर उगवणारे पोकेमॉन नावाचे काल्पनिक प्राणी पकडायचा गेम. हा अनुभव त्यातल्या एकाच गोष्टीबद्दल आहे, जवळपास कोणते पोकेमॉन आहेत ते सांगणाऱ्या, स्क्रीनच्या उजव्या कोपऱ्यात खाली दिसणाऱ्या 'निअरबाय' पट्टीबद्दल. जुलै ते एप्रिल, म्हणजे पावसाळा, हिवाळा आणि अर्धा उन्हाळा. थोडा वापर छत्रपती संभाजीनगरात, थोडा लातुरात आणि बराचसा गावाकडच्या शिवारात. फोन साधा अँड्रॉइड, सोबत पॉवर बँक. मत आधीच सांगतो: शहरात हे साधन उत्तम चालतं. खेड्यात ते अर्धंच काम करतं, उरलेलं अर्धं आपल्याला पायांनी आणि थोड्या भूमितीनं करावं लागतं. ते जमलं की खेड्यातही रिकाम्या हाती परतायची वेळ फार येत नाही.

पट्टीवर बोट ठेवलं की यादी उघडते. एका वेळी जास्तीत जास्त नऊ चित्रं. प्रत्येक चित्रामागे काय आहे ते आधी बघा, सगळी मेख तिथेच आहे. मागे एखाद्या पोकेस्टॉपचा, म्हणजे देऊळ-पुतळा अशा खऱ्या जागी गेमनं ठेवलेल्या थांब्याचा, फोटो असेल तर तो पोकेमॉन त्या स्टॉपच्या आसपास आहे. चित्रावर टॅप केलं की नकाशा मागे सरकतो, स्टॉप आणि त्याच्याजवळ पावलांची खूण दिसते. मागे नुसतं गवत असेल तर तो कुठल्याही स्टॉपला बांधलेला नाही, तुमच्यापासून साधारण दोनशे मीटरच्या आत कुठेतरी आहे. दिशा नाही, अंतर नाही.

जुलै २०१६ मध्ये गेम आला तेव्हा प्रत्येक चित्राखाली एक, दोन किंवा तीन पावलं दिसायची. काही दिवसांतच सगळ्यांखाली तीनच पावलं दिसू लागली आणि महिनाअखेरीस ती काढूनच टाकली. स्टॉपच्या फोटोची आजची पद्धत त्यानंतर आली. भारतात गेम अधिकृतपणे डिसेंबर २०१६ मध्ये सुरू झाला, त्यामुळे इथल्या बहुतेकांनी पावलं कधी पाहिलीच नाहीत. जुने व्हिडिओ बघून ती शोधत बसू नका.

शहरातलं आधी उरकतो. स्टॉप दाट असतील तिथे फोटो ओळखून सरळ चालत जायचं. अडचण येते ती जुन्या वस्तीत. गुलमंडीसारख्या भागात अरुंद गल्ल्या आणि उंच भिंती, त्यामुळे जीपीएस दहा-वीस मीटर इकडेतिकडे उड्या मारतं. लातूरच्या गंजगोलाईत गोलाकार बाजाराला चहूबाजूंनी रस्ते येऊन मिळतात, तिथे नकाशावरचा तुमचा माणूस भलत्याच रस्त्यावर उभा दिसतो. अशा वेळी चालत राहू नका. मोकळ्या चौकात येऊन अर्धा मिनिट थांबा, माणूस स्थिर झाला की पुढे निघा. स्टॉप ऐंशी मीटरवरून फिरवता येतो, म्हणजे त्याची चकती फिरवून वस्तू घेता येतात, पण पोकेमॉन स्टॉपच्या पलीकडच्या अंगाला असू शकतो. स्टॉप फिरवला, पोकेमॉन मात्र दिसत नाही, म्हणून माघारी फिरणारे खूप. स्टॉपला एक पूर्ण वळसा घाला, मग ठरवा.

आता गवतवाले. गावाकडे यादीत नऊच्या नऊ चित्रांमागे गवत, आणि हवा असलेला त्यातच. इथे ही पद्धत वापरा. पांदणीनं किंवा डांबरी रस्त्यानं सरळ एका दिशेनं चाला आणि यादी उघडी ठेवा. ज्या जागी ते चित्र यादीतून गेलं ती जागा लक्षात ठेवा. बाभूळ, डीपी, विहिरीचा पाईप, काहीही खूण चालेल. आता त्याच रस्त्यानं उलटे या. चित्र परत येईल. येऊ द्या, चालत राहा, दुसऱ्या टोकाला ते पुन्हा जाईल. तीही जागा धरा. या दोन्ही जागांपासून पोकेमॉन सारख्याच अंतरावर आहे, सुमारे दोनशे मीटर. म्हणजे तो दोन्ही खुणांच्या बरोबर मध्यावरून काटकोनात, डावीकडे किंवा उजवीकडे सापडणार.

किती आत, तेही कळतं. दोन खुणांमधलं अंतर २४० मीटर आलं तर तो रस्त्यापासून १६० मीटर आत. ३२० मीटर आलं तर १२० मीटर आत. अंतर ३७० च्या पुढे गेलं तर तो रस्त्यालगतच आहे, मध्यावर उभे राहिलात की नकाशावर दिसेल, कारण साधारण सत्तर-ऐंशी मीटरवरून पोकेमॉन डोळ्यांना दिसतो. पावलांत मोजायचं तर मोठ्या माणसाची १०० पावलं म्हणजे अंदाजे ७५ मीटर. डावीकडे की उजवीकडे हे ओळखणं सोपं आहे. १६० मीटरच्या उदाहरणात चुकीच्या बाजूला चाळीस-एक मीटर गेलात की चित्र यादीतून निघून जातं. गेलं की लगेच उलटे फिरा. सगळी खटपट दहा मिनिटांच्या आत होते, आणि बहुतेक पोकेमॉन अर्धा तास टिकतात.

नेमकं काय चुकतं तेही सांगतो. यादी दर पावलाला बदलत नाही, तिला काही सेकंद लागतात. भरभर चाललात तर खूण पंधरा-वीस मीटर पुढे पडते आणि मध्य सरकतो. खुणेच्या आसपास चाल हळू ठेवा. दुसरं, नऊच जागा असल्यामुळे गजबजलेल्या ठिकाणी चित्र अंतरामुळे नाही तर गर्दीमुळेही यादीबाहेर ढकललं जातं, तिथे ही पद्धत फसते. तिसरं, गाडीवर बसून हे होत नाही. वेग वाढला की यादी रिकामी होते, आणि हमरस्त्यावर गाडी चालवताना फोनकडे बघणं हा जिवाशी खेळ आहे.

आणि काटकोनात शिरायचं म्हणजे कुणाच्या तरी रानात शिरायचं. सोयाबीन, तूर उभी असताना पिकातून जाऊ नका. धुऱ्यावरून जाता येत असेल तर जा, रान कसणारा दिसला तर आधी विचारा. आपल्याकडे कठडा नसलेल्या विहिरी अजून कितीतरी आहेत, त्यांच्या काठापर्यंत गवत वाढलेलं असतं आणि गेमच्या नकाशावर त्या दिसत नाहीत. दिवस मावळल्यावर, त्यातही पावसाळ्यात, शिवारात ही पद्धत करूच नये. पोकेमॉन उद्याही येईल.

उद्या येईल हे नुसतं समाधान नाही. पोकेमॉन उगवतात त्या जागा ठरलेल्या असतात, आणि प्रत्येक जागेचं तासातलं मिनिटही बहुतेक ठरलेलं असतं. मारुतीच्या पारामागे ५:१७ ला एक उगवला तर ६:१७ ला तिथेच पुन्हा काहीतरी उगवणार. जात बदलते, जागा आणि मिनिट बदलत नाही. बहुतेक जागा अर्धा तास चालतात, काही पूर्ण तास. उगवताना पाहिलं नाही, पण ५:४७ ला नाहीसा होताना पाहिलं, तर अर्ध्या तासाच्या हिशेबानं ५:१७ धरा आणि पुढच्या तासाला पडताळा. फोनच्या नोट्समध्ये अशी वीस ठिकाणं लिहून झाली की गावातल्या फेरीचं वेळापत्रकच तयार होतं. या दहा महिन्यांत सर्वांत जास्त उपयोग या वहीचा झाला, यादीपेक्षाही जास्त.

यादी काय सांगत नाही, हेही माहीत हवं. शायनी, म्हणजे वेगळ्या रंगाचा दुर्मिळ पोकेमॉन, आहे का ते यादीत दिसत नाही, नकाशावरही नाही. टॅप करून समोर आल्यावरच कळतं. डिटो नावाचा पोकेमॉन दुसऱ्याच कुणाच्या रूपात दिसतो, झोरुआ तुमच्या सोबतीच्या म्हणजे बडीच्या रूपात. पोकेडेक्समध्ये, म्हणजे गेममधल्या तुमच्या नोंदवहीत, नोंद नसलेला असेल तर नुसती काळी आकृती. यादीत नावं नसतात, फक्त चित्रं. २०२३ मध्ये गेम हिंदीत आला तेव्हा शेकडो पोकेमॉनची नावंही हिंदी झाली. मराठी अजून नाही, याची खंत वाटते. त्यामुळे ग्रुपवर 'अमुक निघाला' असं लिहिण्याऐवजी यादीचा स्क्रीनशॉट टाका, तो सगळ्यांना कळतो. मात्र इन्सेन्स, म्हणजे पोकेमॉन ओढून आणणारी गेममधली उदबत्ती, लावून आलेला पोकेमॉन फक्त तुमच्याच स्क्रीनवर असतो, त्याचा निरोप देऊन मित्राला धावायला लावू नका.

उन्हाळ्याचा भाग वेगळा. कम्युनिटी डे, म्हणजे एखादा ठरावीक पोकेमॉन भरपूर उगवण्याचा दिवस, २०२२ पासून बहुतेक वेळा दुपारी २ ते ५ असतो. एप्रिल-मे मध्ये परभणी-नांदेडकडे पारा ४२ च्या घरात असताना ही वेळ माणसालाही नको आणि फोनलाही नको. फोन तापला की स्क्रीन आपोआप मंद होते, गेम अडखळतो आणि यादी जुनीच दिसत राहते. तुम्ही पुढे गेलेले असता, चित्रं मागच्या जागेची. मागचं कव्हर काढा, खेळताना चार्जिंग लावू नका, फोनवर सुती रुमालाची सावली धरा. ओला रुमाल नको, एसीच्या झोतासमोर किंवा फ्रीजमध्ये तर अजिबात नको, आत ओल धरते. झाडाखाली वीस मिनिटं खेळून दहा मिनिटं फोन बंद ठेवला तर तिन्ही तास निभतात. मंगळवारी आणि बुधवारी संध्याकाळी ६ ते ७ चे कार्यक्रम मात्र आपल्या हवेला अगदी सोयीचे.

सेटिंग्जमध्ये तीनच गोष्टी. लोकेशन 'अचूक' ठेवा. अँड्रॉइडची बॅटरी बचत या गेमपुरती बंद करा, नाहीतर फोन खिशात जाऊन बाहेर आला की यादी गोठलेली असते. स्क्रीनचा जास्तीचा रिफ्रेश रेट बंद ठेवा. 'जीपीएस सिग्नल' सापडत नसल्याची त्रुटी ११ आली तर उघड्यावर या. त्रुटी १२ आली तर डेव्हलपर ऑप्शनमधलं मॉक लोकेशन, म्हणजे खोटी जागा दाखवायची सोय, चालू नाही ना ते बघा. रेंज एका काडीवर आली की यादी रिकामी दिसते. तिथे पोकेमॉन नाहीत असा अर्थ घेऊ नका, पन्नास पावलं पुढे जाऊन पुन्हा बघा.

हवामानाचा यादीवर थेट परिणाम होतो. स्वच्छ ऊन असेल तर ग्राउंड, फायर आणि ग्रास प्रकार वाढतात, म्हणजे आपल्याकडे वर्षातले कितीतरी महिने हेच तीन. पाऊस असेल तर वॉटर, इलेक्ट्रिक, बग. हे सगळं हवामानाच्या अंदाजावर चालतं, प्रत्यक्ष आभाळावर नाही. जूनमध्ये रान कोरडं, ढेकळं तशीच, आणि गेममध्ये पाऊस पडत असतो. बदल तासाच्या ठोक्याला होतो. अनुकूल हवेतले पोकेमॉन वरच्या लेव्हलचे असतात आणि पकडल्यावर स्टारडस्ट, म्हणजे पोकेमॉनची ताकद वाढवायला लागणारी भुकटी, २५ टक्के जास्त मिळतो, म्हणून वॉटर हवे असतील तर आकाश बघू नका, स्क्रीनवरचं चिन्ह बघा.

बागेत एकाच जातीचं चित्र यादीत सारखं येत असेल तर ते घरटं आहे. घरट्यातली जात दर दोन आठवड्यांनी, भारतीय वेळेनुसार गुरुवारी पहाटे ५:३० ला बदलते. आठवड्याभरानं जाऊ म्हणून ठेवलेलं घरटं हातचं जाऊ शकतं.

पोकेमॉन कुठे आहेत ते परस्पर दाखवणारे बाहेरचे स्कॅनर नकाशे आणि खोटं लोकेशन दाखवणारी ॲप्स यांच्या वाटेला जाऊ नका. पहिल्या इशाऱ्यात सुमारे सात दिवस दुर्मिळ पोकेमॉन दिसणं बंद होऊ शकतं, दुसऱ्यात खातं महिनाभर बंद, तिसऱ्यात कायमचं. शिवाय ज्या गावात कुणी खेळतच नाही तिथली माहिती त्या नकाशांकडेही नसते.

खेड्यातला खरा उपाय म्हणजे गावात स्टॉप वाढवणं. स्टॉप आला की त्याच्या आसपासच्या चित्रांमागचं गवत जाऊन फोटो येतो आणि वरची सगळी पायपीट वाचते. वरच्या लेव्हलला पोचलेल्या खेळाडूला गेममधूनच जागा सुचवता येते: वस्तूचा एक फोटो, आसपासच्या परिसराचा एक, नाव आणि वर्णन. मग इतर खेळाडू तपासणी करतात. मराठवाड्यात यासाठी जागांची वाण नाही. बारवा, वेशी, वीरगळ, जुनी देवळं पडूनच आहेत. खासगी घर आणि शाळेचं आवार चालत नाही. फोटो दिवसाउजेडी, माणूस किंवा गाडीचा नंबर न येता काढा. वर्णनात बांधणी आणि तिचं वैशिष्ट्य लिहा, 'खूप छान जागा' एवढ्यावर अर्ज टिकत नाही. साधारण सत्तर मीटरच्या एका चौकटीत गेममध्ये एकच स्टॉप दिसतो, त्यामुळे बारव आणि तिच्या काठचं देऊळ दोन्ही सुचवून उपयोग नाही. दोन्हींपैकी जिथे पोरंसोरं विहिरीच्या काठापासून लांब राहून उभी राहू शकतील, ती जागा आधी पाठवा.