एकरंगी स्क्रॅपबुक किट: जुन्या चित्रासाठी कितपत उपयोगी?

ऑनलाइन विकत घेतलेल्या एका एकरंगी डिजिटल स्क्रॅपबुक किटचे, म्हणजे संगणकावर आठवणींची पाने सजवण्याच्या सामानाच्या संचाचे, हे परीक्षण आहे. किटमध्ये काव रंगाच्या निरनिराळ्या छटांचे कागद, लेस, फिती, लेबले आणि शिलाईचे टाके आहेत. कागद 12 इंच चौरस आणि 300 डीपीआयचे (दर इंचाला 300 ठिपके), म्हणजे 3600 बाय 3600 पिक्सेलचे असून, बाकीचे सामान पारदर्शक पार्श्वभूमीच्या पीएनजी फायलींत मिळते. ‘जुन्या चित्रांसाठी खास’ असा विक्रेत्याचा दावा असल्यामुळे, ते त्याच कसोटीवर तपासणे रास्त ठरते.

कसोटीसाठी बडोद्याचेच चित्र निवडले. बडोद्याचे राजे खंडेराव महाराज गायकवाड यांच्या कारकिर्दीत (1856 ते 1870) फ्रेंच प्रवासी लुई रुसेले येथे आला होता आणि 1875 साली पॅरिसहून प्रसिद्ध झालेल्या त्याच्या सचित्र प्रवासवर्णनात येथील हत्तींच्या झुंजींना जागा मिळाली आहे. पाणीगेट भागातील आगड, म्हणजे हत्तींच्या झुंजींचे मैदान, पाहिलेल्या बडोदेकराला त्यातील झुंजीच्या चित्राचे अगत्य वाटणारच. रुसेलेचे निधन 1929 मध्ये झाले असल्याने स्वामित्वहक्काची अडचण उरत नाही. मात्र लाकडी ठशावरून छापलेल्या अशा चित्राचा एक स्वभाव असतो: त्यात राखाडी रंग मुळी नसतोच. हत्तीच्या कातडीवरील सुरकुती असो वा पायाखालची सावली, सारे काही दाट किंवा विरळ काळ्या रेघांतूनच उभे राहते.

त्यामुळे असे चित्र कागदावर ठेवून लेयरचा, म्हणजे चित्राच्या थराचा, ब्लेंड मोड (खालच्या थरात मिसळण्याची पद्धत) ‘मल्टिप्लाय’ केला, की पांढरा भाग नाहीसा होतो, रेघा तेवढ्या राहतात आणि त्यांच्यामधून खालचा कागद दिसू लागतो. याचाच अर्थ, चित्रातील उजेड आता सर्वस्वी कागदावर अवलंबून असतो. किट नेमके येथेच उणे पडते. आयड्रॉपरने (रंग मोजण्याच्या साधनाने) तपासले असता सर्वांत फिकट कागदाची ब्राइटनेसही सत्तर टक्क्यांच्या आसपासच भरली, आणि गडद म्हणवणारे कागद त्याच्यापासून फारसे दूर नव्हते. एकरंगी पानात रंग एकच असल्यामुळे नजरेला वाट दाखवण्याचे सगळे काम फिक्या-गडदपणाला करावे लागते. तोच पल्ला आखूड असेल तर बारीक रेघा कागदात बुडतात आणि झुंजणारे दोन हत्ती एकाच डागासारखे दिसतात. फिका-गडदपणा बदलणारे ‘लेव्हल्स’ वापरून कागद उजळता येतो, पण तसे केल्यावर त्याच्या पोतातील डाग भडक होऊन उठून दिसतात. शेवटी चित्राखाली जवळपास पांढरा, किंचित काव मिसळलेला साधा कागद स्वतः तयार करून घालावा लागला. किटमधील कागद चौकटीपुरते राहिले आणि तेथे मात्र ते खरोखर शोभले.

लेस आणि टाके यांचे कौतुक केलेच पाहिजे. पूर्ण आकारात मोठे करून पाहिले तरी लेसच्या कडेला पांढरी किनार राहिलेली नाही, आणि सुताचा पीळसुद्धा स्पष्ट दिसतो. लेबलांची सावली मात्र चित्रातच पक्की केलेली आहे आणि ती उजवीकडे खाली पडते, तर फितींची डावीकडे. त्यामुळे दोन्ही शेजारी ठेवताच पानावर दोन सूर्य उगवल्याचा भास होतो. सावली वेगळ्या लेयरवर दिली असती तर ती काळ्याऐवजी गडद तपकिरी करता आली असती. एकरंगी पानात शुद्ध काळी सावली उपरी दिसते, ही गोष्ट किट बनवणाऱ्याला ठाऊक असायला हवी होती.

ज्यांना फोटोंची पाने करायची आहेत त्यांना कागदांची ही उणीव फारशी जाणवणार नाही, कारण फोटो आपला उजेड स्वतःबरोबर आणतो. कोरीव ठशांच्या चित्रांसाठी मात्र संपूर्ण किट घेऊ नये. विक्रेता लेस आणि टाक्यांचा संच निराळा विकतो, तेवढा पुरे. परवाना केवळ वैयक्तिक वापराचा आहे, तेव्हा लग्नाचे अल्बम किंवा मुंजीच्या पत्रिका मोबदला घेऊन करून देणाऱ्यांनी व्यावसायिक परवान्याची चौकशी आधी करावी.