आठ नंबरचा म्हणून पाच नंबरचा रॉड गळ्यात मारला

जिताडा मासा गरवायला फ्लाय रॉड घ्यायचं कुणाच्या मनात असेल, तर पैसे पाठवायच्या आधी हे वाचा. माझे 16,200 रुपये गेले. पैशांपेक्षाही जास्त लागलं ते हे, की महिनाभर मी माझ्या हातालाच दोष देत राहिलो आणि दोष होता मालात.

आमचं घर कुंडलिकेच्या खाडीजवळ, रेवदंड्याच्या अलीकडे. वडील बांबूची काठी आणि तंगूस, म्हणजे नायलॉनचा दोरा, घेऊन खारबंदिस्तीच्या उघाडीवर, म्हणजे खाडीचं पाणी अडवणाऱ्या बांधातल्या दरवाजावर, गरवायला जायचे. ओहोटीला उघाडीचं दार उघडतं आणि शेतातलं, चरातलं पाणी खाडीत धावतं. त्या पाण्याबरोबर कोळंबी आणि बोयटांची पिल्लं बाहेर पडतात, आणि जिथे धावतं पाणी संथ पाण्याला मिळतं त्या रेषेवर जिताडा तोंड करून उभा असतो. ही जागा वडिलांनी मला दाखवली तेव्हा मी चौथीत होतो. पेण-अलिबागकडच्या माणसाला जिताड्याचं काय वाटतं हे वेगळं सांगायला नको. जावई आला की जिताडा, कुणाचा मान ठेवायचा असला की जिताडा. वडील गेल्यावर त्याच उघाडीवर फ्लाय रॉडने एक तरी जिताडा काढायचा, हे मी मनाशी धरलं होतं.

ज्यांना हा प्रकार माहीत नाही त्यांच्यासाठी थोडं सांगतो, कारण फसवणुकीची मेख इथेच आहे. साध्या रॉडला शिसं किंवा ल्युअर, म्हणजे खोटं आमिष, वजनदार असतं, आणि ते आपल्यामागे तंगूस ओढत नेतं. फ्लाय रॉडचं उलटं. ‘माशी’ म्हणजे पिसं आणि केस बांधलेला गळ, तिला वजन जेमतेमच. वजन असतं दोरीला. प्लॅस्टिकचा लेप दिलेली ती जाड दोरी मागेपुढे झुलवून हवेत उलगडायची, तिच्या टोकाने माशी जाते. म्हणून रॉडवर छापलेला नंबर हा दोरीच्या वजनाचा नंबर असतो. चार-पाच नंबर थंड ओढ्यांतल्या ट्राउटसाठी. अमेरिकेतल्या तळ्यांमधल्या बास माशाला सात किंवा आठ, कारण त्याच्या माश्या मोठ्या, वारा धरणाऱ्या असतात आणि लागलेला मासा पाणगवतातून ओढून काढायचा असतो. आपला जिताडा म्हणजे आशियाई सी बास. ऑस्ट्रेलियात त्यालाच बारामुंडी म्हणतात, आणि तिथे आठ ते दहा नंबरचे रॉड वापरतात. गोड्या पाण्यातल्या त्या अमेरिकी बासशी त्याचं नातं फक्त इंग्रजी नावापुरतं.

विक्रेत्याने नेमका या नावाचाच फायदा घेतला. मोबाइलवर जाहिरात दिसली: ‘इम्पोर्टेड बास फ्लाय रॉड, शंभर टक्के कार्बन, 9 फूट, चार तुकडे, 8/9 नंबर, रीळ आणि दोरीसकट.’ मी फोन केला. माणूस गोड बोलायचा. ‘दादा, बास म्हणजे आपला जिताडाच की. कोकणातले चार जण माझ्याकडून घेऊन गेलेत.’ दुकान बंद करतोय, भांडवल अडकलंय, शेवटचे दोनच नग राहिलेत, असं म्हणाला. चांगला सेट 25-30 हजारांच्या खाली येत नाही हे मी वाचून होतो. हा 13,800 ला देत होता. फोटो सुरेख होते. बुचाची मूठ, त्याखाली रीळ, आणि रीळच्याही खाली दोन बोटं लांबीचा काळा गोंडा, म्हणजे रॉडच्या बुडाशी जोडलेला आखूड तुकडा. हा गोंडा लक्षात ठेवा.

मी विचारलं, पार्सल आल्यावर पैसे दिले तर? तर म्हणाला, महाग माल आहे, कुरिअरवाले तसं घेत नाहीत. यूपीआयवर पैसे टाकताना दुकानाच्या नावाऐवजी भलत्याच माणसाचं नाव आलं. मी थांबलो, विचारलं. ‘मेहुण्याचं खातं आहे दादा, माझ्या खात्याची लिमिट संपली.’ नवरात्राचे दिवस होते, 2023 चे. मी पैसे टाकले. दोन दिवसांनी पुन्हा फोन, माल कस्टममध्ये अडकलाय, 2,400 भरावे लागतील. माल मुंबईच्या गोदामात आहे असं आधी तोच म्हणाला होता. मुंबईतल्या गोदामातल्या मालाला माझ्याकडून कसलं कस्टम? हा प्रश्न मला आज पडतो. तेव्हा मला रॉड हवा होता, आणि 13,800 अडकून बसले होते. मी तेही भरले.

दसऱ्यानंतर पार्सल आलं आणि माझा सगळा संशय गेला. इथेच मी पुरता फसलो. वस्तू हातात आली म्हणजे व्यवहार खरा, असं आपण धरून चालतो. पैसे घेऊन पसार होणाऱ्याची लबाडी लगेच कळते. हा माणूस काहीतरी पाठवतो, आणि ते काहीतरी ओळखायचं ज्ञान आपल्याकडे नसतं यावरच त्याचं पोट भरतं. आमच्या पंचक्रोशीत फ्लाय रॉड हातात धरलेला एक माणूस नव्हता. मी दाखवणार कुणाला?

फोटोतला काळा गोंडा आलेल्या रॉडला नव्हता. रीळची बैठक उघड्या धातूत संपत होती. ते मला दिसलं होतं. वेगळं मॉडेल असेल म्हणून मी गप्प बसलो.

पुढचा महिनाभर रोज सकाळी रेवदंड्याच्या वाळूवर मी सराव केला. छोटी माशी लावली की दोरी बरी जायची. चार इंची क्लाउजर लावली, म्हणजे डोळ्यांच्या जागी धातूचे मणी असलेली, की आठ-दहा मीटरवर सगळं ढासळायचं. दोरी उलगडायचीच नाही. खारं वारं समोरून असलं तर माशी माझ्याच पाठीवर यायची, एकदा कानाच्या पाळीत रुतली. व्हिडिओ बघून मनगट सुधारलं, खांदा सुधारला. बायको म्हणाली, एवढे कष्ट घेताय तर जमेल. मला वाटायचं, चाळिशी उलटल्यावर हे शिकायचं म्हणजे असंच होणार.

कार्तिकी पौर्णिमेच्या उधाणाला मी उघाडीवर गेलो. दुपारी बाराच्या सुमारास भरती झाली, चारला ओहोटीने जोर धरला. पाणी गढूळ धावत होतं आणि कडेला बोयटं उडत होती. चौथ्या-पाचव्या फेकीला माशी रेषेवर पडली आणि ‘थप्प’ असा आवाज आला. ज्याने तो ऐकलाय त्याला माहीत आहे. दोन किलोच्या आसपासचा जिताडा एकदा पाण्याबाहेर आला, गलफडं फाकवून डोकं झाडलं आणि उघाडीच्या खांबांकडे वळला. त्याला तिथे जाऊ द्यायचं नसतं, खांबाला कालवं असतात, दोरा कापला जातो. मी रॉड आडवा करून रोखला. रॉड मुठीपर्यंत वाकला, नुसता वाकतच राहिला, आणि दुसऱ्या तुकड्यावर मोडला. मासा गेला.

बांधावर आमच्या शेजारचे नाखवा पाग, म्हणजे फेकायचं जाळं, घेऊन बसले होते. त्यांनी मोडकं टोक हातात घेतलं, उन्हात धरलं. ‘आरं, यो आतून पांढरा हाय. दोरे बघ.’ बघितलं. वर काळा रंग, आणि मोडलेल्या जागी पांढरट, काचेसारखे चकाकणारे धागे फिसकारलेले. कार्बन आतूनही काळाच असतो. हे फायबरग्लास होतं, वरून रंगवलेलं. फायबरग्लास वाईट असं माझं म्हणणं नाही, चांगल्या फायबरग्लासचे रॉड लोक हौसेने वापरतात. पण ते सांगून विकायचं असतं आणि त्याची किंमत घ्यायची असते.

घरी येऊन मुठीच्या वरचं ‘8/9’ लिहिलेलं स्टिकर नखाने उचकटलं. खाली सोनेरी अक्षरात ‘5/6’ छापलेलं होतं. रीळच्या बैठकीला पांढरी बुरशी धरल्यासारखे खड्डे पडले होते, कड्या तांबूस झाल्या होत्या. खाऱ्या पाण्यासाठी केलेली वस्तू रोज धुऊन ठेवल्यावर महिन्याभरात अशी होत नाही.

आता राहिली दोरी. दोरीचं वजन ठरलेलं असतं. टोकाचा बारीक सरळ तुकडा सोडून पुढची 30 फूट, म्हणजे 9 मीटर 14 सेंटिमीटर दोरी वजन करायची. आठ नंबरची 210 ग्रेन भरायला हवी, म्हणजे साधारण 13.6 ग्रॅम. पाच नंबरची 140 ग्रेन, 9.1 ग्रॅम. मी ओटीवर टेपने मोजून खूण केली, तेवढी दोरी कापली आणि अलिबागला ओळखीच्या सोनाराकडे गेलो. त्यांनी काट्यावरची पेटी उघडली, वेटोळं आत ठेवलं, काच बंद केली. 9.2. दोनदा केलं, 9.2. ‘तोळाभरही नाही हो,’ ते म्हणाले.

तेव्हा मला कळलं की महिनाभर माझा हात बरोबर होता. पाच नंबरच्या दोरीने चार इंची क्लाउजर खाडीच्या वाऱ्यात कुणाच्याच हातून धड गेली नसती.

विक्रेत्याला फोन केला. आवाज तोच गोड. ‘चूक झाली दादा, पूर्ण पैसे परत करतो, कोड पाठवलाय, स्कॅन करा आणि पिन टाका.’ मी मोबाइल हातात घेतला होता. धाकटी लेक अभ्यासाला समोर बसली होती, ती ओरडली, ‘बाबा, पैसे यायला पिन लागत नाही!’ हे वाक्य घरातल्या प्रत्येकाला पाठ करायला लावा. स्कॅन करून पिन टाकला की पैसे जातात, येत नाहीत. त्यानंतर त्याने फोन उचलला नाही.

1930 या सायबर हेल्पलाइनला मी फोन केला, पोर्टलवर तक्रार नोंदवली. पण पैसे दिल्याला महिना उलटून गेला होता. ते पैसे पुढे निघून गेले होते. हा नंबर उपयोगी पडतो तो काही तासांत कळवलं तर, म्हणजे खात्यातली रक्कम अडवता येते. मला कस्टमच्या फोनलाच शंका यायला हवी होती, तेव्हाच लावला असता तर 13,800 कदाचित वाचलेही असते. ग्राहक हेल्पलाइन 1915 वर सांगितलं, मग अलिबागच्या जिल्हा ग्राहक आयोगात तक्रार केली. 2019 च्या कायद्याप्रमाणे आपण राहतो त्या जिल्ह्यात दावा लावता येतो, 5 लाखांपर्यंतच्या व्यवहाराला फी नाही, मुदत दोन वर्षांची. पण नोटीस परत आली, पत्ता खोटा. त्याने पाठवलेल्या बिलावरचा जीएसटी नंबर तेव्हा मी पहिल्यांदा नीट वाचला. पंधरा अक्षरांच्या त्या नंबरात पहिले दोन आकडे राज्याचे असतात, महाराष्ट्राचे 27. याचे 07 होते, म्हणजे दिल्ली. बिलावर पत्ता मुंबईचा. जीएसटीच्या संकेतस्थळावर हा नंबर टाकून कुणाचा आहे ते फुकट बघता येतं, पाच मिनिटंही लागत नाहीत.

तर घेणाऱ्यांनो, विक्रेत्याला व्हिडिओ कॉलवर नेमका तुम्हाला येणारा रॉड दाखवायला सांगा, जुना फोटो नको. आठ आणि त्यावरच्या नंबरच्या रॉडला रीळच्या खाली तो गोंडा बहुतेक असतोच, मोठा मासा ओढताना तो पोटाला टेकवायचा असतो. तो दिसला पाहिजे. नंबरवर स्टिकर असेल तर नको म्हणा, चांगल्या रॉडवर नंबर लाखेखाली लिहिलेला असतो, नखाला लागत नाही. पार्सल फोडताना पहिल्या पट्टीपासून शेवटपर्यंत अखंड व्हिडिओ काढा. मी काढला नव्हता, ‘हा माल मी पाठवलाच नाही’ असं तो म्हणाला तर माझ्याकडे उत्तर नव्हतं. तुकड्याच्या कापलेल्या कडेला, जिथे लेप नाही, तिथे वायरमनकडचा मल्टीमीटर लावून बघा. कार्बनमधून वीज वाहते, फायबरग्लासमधून नाही. आणि याच कारणासाठी कार्बनचा रॉड घेऊन खारीच्या बांधावर विजेच्या तारांखाली उभे राहू नका, ढग गडगडत असताना तर नाहीच. दोरी उष्ण हवेसाठी केलेली आहे का तेही विचारा. थंड देशांसाठीची दोरी आपल्या उन्हात मऊ पडून चिकटते. आणि दोरी सोनाराकडे न्याच. कापायची गरज नाही, 30 फुटांवर खूण करून तेवढंच वेटोळं काट्यावर ठेवायचं, बाकीची बाहेर कुणीतरी सैल धरायची.

गेल्या आठवड्यात भाच्याने एक जाहिरात पाठवली, ‘मामा, हा घेऊ का?’ दुकानाचं नाव नवीन, किंमत 11,900, वर लिहिलंय ‘जिताडा स्पेशल’. फोटो तोच आहे. तीच बुचाची मूठ, खाली तोच काळा गोंडा. मी भाच्याला घरी बोलावलं, मोडलेला तुकडा त्याच्या हातात दिला आणि उन्हात धरायला सांगितला.